गुण्या खरा, तर चौकट खरी

नाशिक रोड : आषाढ-श्रावण लागला की खेड्यापाड्यांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. दार लागत नाही, कडी कोयंड्यात बसत नाही, खिडकीचे झडप वरच्या कोपऱ्यात घासते. घरधनी म्हणतो, सुताराने ओले लाकूड वापरले. सुतार म्हणतो, पावसाने लाकूड फुगले, त्याला मी काय करणार? दोघांच्याही म्हणण्यात कधी कधी तथ्य असते. पण दिवाळी उलटते, थंडी पडते, लाकूड खडखडीत वाळते आणि तरीही दार त्याच कोपऱ्यात घासत राहते, तेव्हा दोष पावसाचा नसतो आणि बहुधा सुताराच्या हाताचाही नसतो. दोष असतो त्याच्या पेटीतल्या एका लहानशा हत्याराचा. ते हत्यार म्हणजे गुण्या.

शेतकरी बंधु-भगिनींनो, घर काही दर वर्षी बांधले जात नाही. सागवानाची चौकट आयुष्यात एकदाच बसते. तिच्यासाठी पीक विकून, पोटाला चिमटा घेऊन पैसा उभा केलेला असतो. म्हणून ज्या हत्याराच्या भरवशावर ती चौकट उभी राहते ते खरे आहे की खोटे, हे पाहायला घरातल्या माणसालाही यावे. त्यासाठी शहरात जायला नको, महागडे यंत्र नको. एक सरळ फळी, टोक काढलेली पेन्सिल आणि पाच मिनिटे पुरेत.

गुण्या करतो काय?

जाड दांडा आणि त्यात काटकोनात बसवलेले पातळ पोलादी पाते, एवढाच गुण्याचा जीव. दांडा कधी लाकडी, कधी लोखंडी असतो. काही गुण्ये एकाच पत्र्यातून कापलेले, सरळ इंग्रजी एल अक्षरासारखे असतात. लाकडावर आडवी रेघ मारायची, कूस कापायची, खाच पाडायची, सांधा जुळला की नाही ते पाहायचे, या प्रत्येक पायरीला सुतार गुण्या लावतो. गवंड्याचे आणि वेल्डिंगवाल्याचेही तेच. भिंत सरळ आली की आपण म्हणतो, ‘भिंत गुण्यात आहे’. म्हणजे बाकी सगळ्यांचा खरेखोटेपणा गुण्या ठरवतो. पण गुण्याचा खरेखोटेपणा कोण ठरवणार? तागडीचे पासंग आपण पाहतो, दुधाचे माप पाहतो. गुण्या मात्र वर्षानुवर्षे कोणी तपासत नाही.

चूक दिसते तिळाएवढी, वाढते ताडाएवढी

आठ इंची गुण्याचे पाते साधारण २०० मिलिमीटर लांब असते. समजा, ते टोकाला अवघा अर्धा मिलिमीटर कलले आहे. डोळ्याला हे दिसणारही नाही. पण हाच गुण्या लावून दोन मीटर उंचीचे दार केले, तर अंतर दहा पट झाले आणि चूकही दहा पट झाली. म्हणजे वरच्या टोकाला ५ मिलिमीटर, सुताराच्या भाषेत दीड सूत. दीड सुताने कललेले दार फरशीला घासणार, नाहीतर वर फट सोडणार. फट राहिली की पावसाची झड आत येते, आणि कोठीच्या दाराला फट राहिली की घुशी-उंदरांना आमंत्रणच.

आणखी एक गोष्ट. कारागिराचा हात जितका चांगला, तितका खोटा गुण्या जास्त नडतो. कारण चांगला कारागीर गुण्या सांगेल तसेच तंतोतंत कापतो. कच्च्या हाताची चूक एकदा इकडे, एकदा तिकडे जाते. खोट्या गुण्याची चूक मात्र दर वेळी एकाच बाजूला जाते आणि साचत जाते.

गुण्या बिघडतो कसा?

पहिले कारण, हातातून पडणे. गुण्या फरशीवर टोकावर आपटला की एका पडण्यात काम होते. दुसरे, त्याचा भलताच वापर. खिळा ठोकायला, डब्याचे झाकण उचकटायला गुण्या वापरला की पाते दांड्यात ढिले होते. तिसरे, लाकडी दांडा पावसाळ्यात फुगतो, उन्हात आकसतो आणि त्याचा पृष्ठभाग सरळ राहत नाही. चौथे, वर्षानुवर्षे घासून दांड्याची आतली बाजू झिजते. चांगल्या गुण्याच्या लाकडी दांड्याला आतून पितळी पट्टी लावलेली असते ती यासाठीच. आणि पाचवे, बाजारातून आणलेला नवा कोरा गुण्याही खरा असेलच असे नाही. म्हणून नवा गुण्या दुकानातच तपासून घ्यावा.

उलटापालटीची परीक्षा

आता परीक्षेकडे वळू. गुण्याच्या पात्यापेक्षा थोडी रुंद अशी एक सपाट फळी घ्या. तिची एक कड रंधा मारून अगदी सरळ करा. कड सरळ आहे का, हे आधी पाहायला हवे. त्यासाठी फळी एखाद्या मोठ्या सपाट तक्त्यावर ठेवून त्या कडेने रेघ मारा. मग फळी पालथी करून तीच कड पलीकडच्या बाजूने त्याच रेघेला लावा. कड सगळीकडे रेघेला टेकली तर सरळ. मध्ये किंवा टोकांना फट दिसली तर अजून एक हात रंधा मारा.

आता ती कड आपल्या पोटाकडे येईल अशी फळी समोर ठेवा आणि पुढील क्रमाने करा.

१. गुण्याचा दांडा कडेला घट्ट टेकवा. दांडा डाव्या हाताला आणि पाते फळीवर आपल्यापासून दूर जाणारे, असे धरा. पात्याच्या बाहेरच्या कडेने, बारीक टोकाच्या पेन्सिलीने किंवा चाकूच्या टोकाने रेघ मारा. तिच्यावर ‘१’ असे लिहा.

२. गुण्या पालथा करा. आता दांडा उजव्या हाताला येईल. पहिली रेघ जिथून सुरू झाली त्याच बिंदूवर पात्याची तीच बाहेरची कड जुळवा, दांडा घट्ट टेकवा आणि दुसरी रेघ मारा. तिच्यावर ‘२’ लिहा.

३. दोन्ही रेघा पाहा. एकीवर एक बसल्या तर गुण्या खरा. दोन्ही रेघा खाली एकत्र आणि वर फाकलेल्या दिसल्या तर गुण्या खोटा.

फाकलेल्या रेघांमधले अंतर पात्याच्या टोकाशी मोजा. गुण्याची चूक या अंतराच्या निम्मी असते, हे विसरू नका. कारण चूक एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे मोजली गेली आहे. टोकाशी १ मिलिमीटर अंतर असेल तर चूक अर्धा मिलिमीटर. केसाइतके अंतर राहिले तर दार-चौकटीच्या कामाला ते चालून जाईल. पण अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेले तर गुण्या दुरुस्त करावा हे बरे.

चूक कोणत्या बाजूची, हेही रेघाच सांगतात. ‘१’ची रेघ वरच्या टोकाला उजवीकडे झुकली असेल तर पाते दांड्यापासून दूर गेले आहे, म्हणजे गुण्या फाकला आहे. तीच रेघ डावीकडे झुकली असेल तर पाते दांड्याकडे आले आहे, म्हणजे गुण्या मिटला आहे. दुरुस्तीच्या वेळी हे कामी येईल.

आणि यातच एक गंमत आहे. दोन रेघांमधल्या अंतराचा बरोबर मध्य काढा आणि तो खालच्या बिंदूशी जोडा. ही मधली रेघ शंभर नंबरी काटकोनात असते. खोटा गुण्या दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे लावला, तर तोही खरी रेघ देऊन जातो! ऐन कामात गुण्या पडला आणि दुसरा मिळण्यासारखा नसेल, तर दिवस भागवायला ही युक्ती लक्षात ठेवावी.

घडीचा कागद

घरातल्या शाळकरी मुलांनाही करता येईल अशी आणखी एक परीक्षा आहे. वहीचा एक कागद घ्या. कसाही, वेडावाकडा फाटलेला चालेल. त्याला एक घडी घाला आणि नखाने दाबा. ती सरळ रेघ झाली. आता घडी झालेली ती कड तिच्याच अंगावर तंतोतंत येईल अशी दुसरी घडी घाला. दोन घड्यांच्या मध्ये जो कोपरा तयार झाला तो काटकोन. सरळ रेघेचा कोन १८० अंशांचा असतो. त्याचे दोन सारखे भाग केले की ९० उरणारच. गुण्याची उलटापालटी याच न्यायाने चालते.

हा कागदी कोपरा गुण्याच्या आतल्या कोपऱ्यात बसवून उजेडाकडे धरा. फट कुठे दिसते ते कळेल. कागदाची परीक्षा फळीच्या परीक्षेइतकी बारीक नाही, पण ढोबळ चूक ती नक्की पकडते.

कागद आणि काटकोन यांचे नाते नाशिक रोडच्या माणसाला सांगायला नको. इथल्या प्रतिभूती मुद्रणालयात १९२५ पासून पोस्टाची तिकिटे छापली जात आहेत आणि शेजारच्या चलार्थ पत्र मुद्रणालयात १९२८ पासून नोटा. त्याआधी हे काम विलायतेत होत असे. तिकिटांचा अखंड ताव पाहा. उभ्या-आडव्या छिद्रांच्या ओळी एकमेकींना काटकोनात छेदतात. एक ओळ जराशी कलली, तर तावाच्या टोकापर्यंत जाताजाता ती तिकिटातल्या चित्रावरच चढेल. चूक साचत जाते हा नियम दाराला लागू तसाच तिकिटालाही.

दुरुस्ती कशी करावी?

आधी पाते ढिले आहे का ते पाहा. दांडा एका हातात आणि पात्याचे टोक दुसऱ्या हातात धरून हळूच हलवा. पाते हलत असेल तर आधी केलेली परीक्षा व्यर्थ, कारण असा गुण्या दर वेळी निराळे बोलतो. फळीवरच्या त्या मधल्या रेघेवर पाते जुळवा, गुण्या तसाच न हलवता ऐरणीवर किंवा जाड लोखंडावर घ्या आणि रिव्हेटीवर हातोडीचे हलके ठोके द्या. मग पुन्हा उलटापालटी करून पाहा.

पाते घट्ट असूनही चूक येत असेल तर बारीक कानस घ्यावी. बाहेरच्या कडेसाठी नियम सोपा आहे. गुण्या फाकला असेल तर पात्याच्या टोकाकडे घासा आणि दांड्याकडे येता येता हात हलका करत शून्यावर आणा. गुण्या मिटला असेल तर उलट. दांड्याजवळ घासा आणि टोकाकडे हलके होत जा. आतल्या कडेला हाच नियम उलटा लागू होतो. फाकलेल्या गुण्याची आतली कड दांड्याजवळ घासायची, मिटलेल्याची टोकाकडे. आतल्या कडेचीही परीक्षा तशीच, तिच्याच बाजूने दोन रेघा मारून करायची. चार-पाच हात कानस मारली की थांबा आणि पुन्हा रेघा मारा. जास्त घासलेले परत चिकटवता येत नाही.

एकाच पत्र्याच्या, एल आकाराच्या लोखंडी गुण्याला दुसरा उपाय आहे, आणि तो लोहाराच्या हाताचा आहे. आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ मनात धरा. गुण्या मिटला असेल तर त्या रेघेवर, आतल्या कोपऱ्याजवळ, टोकदार पंच ठेवून हातोडीचा एक ठोका द्या. तिथले लोखंड दबून पसरते आणि दोन्ही भुजा फाकतात. गुण्या फाकला असेल तर ठोका बाहेरच्या कोपऱ्याजवळ द्यायचा, म्हणजे भुजा मिटतात. एका ठोक्यानंतर लगेच परीक्षा घ्यावी. ठोका जास्त झाला तर घाबरू नये. विरुद्ध बाजूला एक हलका ठोका दिला की गुण्या जागेवर येतो.

दुरुस्त झालेला गुण्या पेटीच्या तळाशी, करवती-हातोड्यांखाली टाकू नये. खिळ्याला टांगावा. पावसाळ्यात पात्यावर तेलाचा हात फिरवावा.

मोठ्या कामाला दोरी

आठ इंची गुण्या चौकटीच्या सांध्याला ठीक. पण कांदाचाळीचा पाया आखायचा, गोठा घालायचा, तर तो पुरा पडत नाही. तिथे तीन-चार-पाचची दोरी कामाला येते. एका बाजूला ३ फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर खूण. दोन खुणांमधले तिरपे अंतर बरोबर ५ फूट भरले की कोपरा काटकोनात.

हे ज्ञान आपल्याकडे फार जुने. यज्ञवेदी आखण्यासाठी दोरीने मोजणी सांगणाऱ्या ग्रंथांना शुल्बसूत्रे म्हणतात, आणि शुल्ब म्हणजेच दोरी. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’तही भुज ३ आणि कोटी ४ तर कर्ण किती, असे गणित आहे. नाशिक रोडहून रेल्वेने मनमाडपुढे गेले की चाळीसगाव लागते. त्या तालुक्यातल्या पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला होता. तेथील शिलालेख शके ११२८ चा आहे. म्हणजे आज गवंडी ज्या हिशोबाने पाया आखतो, तो हिशोब आठशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात शिकवला जात होता.

मात्र दोरीचा त्रिकोण लहान ठेवू नये. ३-४-५ फुटांच्या त्रिकोणात कर्ण मोजताना एका सुताची चूक झाली, तर ३० फूट लांब चाळीच्या दुसऱ्या टोकाला सुमारे दीड इंच फरक पडतो. तोच त्रिकोण ९-१२-१५ फुटांचा घेतला, तर एका सुताच्या चुकीने फरक पडतो अर्धा इंच. म्हणून जागा असेल तेवढा मोठा त्रिकोण घ्यावा. दोरी सुताची घेतली तर ती ताणते आणि भिजली की आखडते. टेप वापरणे उत्तम.

तयार चौकट तपासायला कर्ण मोजावेत. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसरा कर्ण. दोन मीटर उंच आणि एक मीटर रुंद चौकट वरच्या बाजूला ५ मिलिमीटर सरकली असेल, तर दोन कर्णांत सुमारे साडेचार मिलिमीटरचा फरक दिसतो. टेपवर तो सहज कळतो. पण एक सावधगिरी बाळगा. नुसते कर्ण सारखे आले म्हणून समाधान मानू नका. चौकट वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तरीही दोन्ही कर्ण सारखे भरू शकतात. म्हणून आधी समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत का ते मोजा, मग कर्ण. हल्ली पुष्कळ ठिकाणी चाळी आणि दारे लोखंडी अँगलची होतात. वेल्डिंगच्या उष्णतेने लोखंड ओढले जाते. तेव्हा चारही कोपऱ्यांना आधी नुसते टाके मारायला सांगा, कर्ण मोजा, आणि मगच पूर्ण वेल्डिंग होऊ द्या.

तिफणीलाही हाच न्याय

तिफण एका बाजूला ओढते, बैल सरळ चालतात पण तासे तिरपी पडतात, असा अनुभव पुष्कळांना असेल. अशा वेळी दिंड आणि दांडी यांचा मेळ पाहावा. दांडीचे टोक जिथे जुवाला बांधतात, तिथे दोरीचे एक टोक धरा. दुसरे टोक एका कडेच्या फणापर्यंत ताणून खूण करा. तीच दोरी दुसऱ्या कडेच्या फणाला लावा. खूण बरोबर जुळली तर दांडी दिंडाच्या मधोमध काटकोनात आहे. जुळली नाही तर ज्या बाजूला दोरी कमी भरते, त्या बाजूला दांडी कलली आहे. पाचर ठोकून ती सारखी करता येते. इथे गुण्या लागत नाही, टेप लागत नाही, दोरीचा एक तुकडा पुरतो.

कारागिराचा मान राखून

शेवटी एक गोष्ट. गुण्या तपासायचा म्हणजे सुतारावर अविश्वास दाखवायचा नव्हे. गावगाड्यात सुतार हा मानाचा बलुतेदार. आज बलुते राहिले नाही, कामे रोजंदारीवर किंवा ठेक्यावर होतात, पण हातातल्या कसबाचा मान तोच आहे. काम सुरू होण्याआधी, चहा घेता घेता, “मिस्त्री, लाकूड कापायच्या आधी गुण्या एकदा उलटून पाहू या का?” असे विचारावे. जाणता कारागीर रागावणार नाही. तो स्वतःच फळी पुढे ओढेल. लाकूड कापण्याआधी सापडलेली चूक कानशीच्या चार हातांनी जाते. कापल्यानंतर सापडली तर सागवान वाया जाते आणि शब्दाला शब्द लागून वर्षांचा घरोबा तुटतो.

पुढच्या बाजाराला नवा गुण्या घ्यायचा असेल, तर घरून एक सरळ कडेची फळी आणि पेन्सिल बरोबर न्या. दुकानदाराच्या फळकुटावरच दोन रेघा मारून पाहा. जुळल्या तर पैसे मोजा. नाही जुळल्या तर दुसरा मागा.